ब्लँकशिवाय घेतलेला नमुना

बर्फ चोरताना ती पकडली गेली.

चोरी म्हणजे तशी काही मोठी नव्हती. संस्थेत बर्फाचं मशीन एकच, आणि तेही चौथ्या मजल्यावर, जंतूवाल्यांच्या राज्यात. खालच्या रसायनवाल्यांना बर्फ लागला की आधी वर फोन करायचा, परवानगी घ्यायची आणि मग बादली घेऊन यायचं, असा नियम होता. पण तिच्या फ्लास्कमधलं निळं द्रावण दुपारपासून ढिम्म बसलं होतं, स्फटिक व्हायचं नाव घेत नव्हतं, आणि फोन लावत बसण्याइतका धीर देवाने तिला दिलेलाच नव्हता. लॅबमध्ये सगळे तिला ‘घाईताई’ म्हणत, ते काही उगाच नाही. ती धावत वर आली, बादली मशीनखाली ठेवली आणि भराभरा बर्फ ओढायला लागली.

“हळू,” मागून कुणीतरी म्हणालं. “बर्फ पळून नाही जात. वितळेल फार तर.”

ती वळली. पांढरा कोट घातलेला एक उंच माणूस दोन्ही हात हवेत धरून उभा होता. हात नुकतेच धुतलेले, त्यामुळे कशालाही लावायची सोय नाही, आणि चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला. तो खांद्याने चष्मा वर सारायचा प्रयत्न करत होता, आणि तो काही जमत नव्हता.

“फोन लागत नव्हता,” ती म्हणाली.

“केला होतात?”

“…नाही.”

“मग लागणार कसा?”

तिने पुन्हा बर्फ ओढायला घेतला. एरवी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार असे.

“कशासाठी हवाय एवढा?” त्याने विचारलं.

“काँप्लेक्स थंड करायचंय. तांब्याचं. म्हणजे तांब्याचा अणू मध्ये, आणि त्याला धरून बसलेले दोन वेगवेगळे रेणू – ”

“मारतं का?”

“काय?”

“जंतू. मारतं का काही?”

दोन-अडीच वर्षं ती हे काम करत होती. रंग कसा आला, स्फटिक कसे आले, हे सगळ्यांनी विचारलं होतं. मारतं का, असं सरळ तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “अजून तपासलेलं नाही.”

“मग आणून द्या. आम्ही तपासू.”

“रिझल्ट कधी मिळेल?”

“दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्या,” तो म्हणाला, आणि शेवटी तिची बादली भरलेली पाहून हसला. ते हसू चष्म्याच्या वरून आलं, त्यामुळे नक्की कुणासाठी होतं ते कळायला मार्ग नव्हता. ती बर्फ घेऊन खाली आली, आणि बर्फात फ्लास्क ठेवायचं विसरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर रिमझिम चालू होती आणि पार्किंगमध्ये कुणाची तरी छत्री उलटी झाली होती.

त्याला सगळे ‘उद्या’ म्हणतात, हे तिला लॅबमधल्या आजोबांनी सांगितलं. आजोबा म्हणजे वयाने आजोबा नव्हेत. पस्तिशीच उलटलेली, पण त्यांचा प्रबंध इतकी वर्षं चालू होता की नव्या विद्यार्थ्यांना ते इमारतीबरोबरच बांधले असावेत असं वाटायचं.

“जंतू वाढायला रात्र लागते,” आजोबा म्हणाले. “त्यामुळे कुणीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच. उद्या. संचालकांनी विचारलं तरी उद्या. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी विचारलं, जेवलास का रे, तर तिथेही तेच. पण एक आहे – त्याने दिलेला रिझल्ट कधी फिरत नाही. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

“मी कुठे काही विचारलं?” ती म्हणाली.

“नाही विचारलंस. म्हणूनच सांगतोय.”

घरीही तिला दोन दिवस कुणी काही विचारलं नाही, कारण ती स्वतःच न विचारता आपल्या कामाबद्दल बोलत होती, आणि ही गोष्ट वहिनीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

“हे तुझं मिक्स्ड-लिगँड म्हणजे नेमकं काय गं?” वहिनीने ताटं मांडता मांडता विचारलं.

“मध्ये धातूचा एक अणू असतो. त्याला दोन बाजूंनी दोन वेगळ्या जातीचे रेणू घट्ट धरून बसतात. एकटा अणू जे करू शकत नाही, किंवा ते दोघं सुटे असताना जे करू शकत नाहीत, ते तिघं मिळून करतात. म्हणजे… करतील असं आम्हाला वाटतं.”

वहिनीने क्षणभर विचार केला. “म्हणजे तुझा दादा. एका बाजूने मी धरलेला, दुसऱ्या बाजूने आई.”

“आणि तिघं मिळून काय करतात?” दादाने विचारलं.

“काहीच नाही,” आई आतून म्हणाली. “त्याला साधा बल्ब बदलायला महिना लागतो.”

सगळे हसले. तीही हसली, पण अर्धवटच. कारण तिघं मिळून काहीच करत नसतील, तर तिची सगळी मेहनत म्हणजे नुसती रंगीत पावडर होती. पुढच्याच आठवड्यात तिच्या कामाची तपासणी होती. तिच्या मार्गदर्शक मॅडम, संस्थेतले दोघं आणि बाहेरून येणारे एक सर मिळून ठरवणार होते की तिने आता प्रबंध लिहायला घ्यायचा, की आणखी एक वर्ष थांबून नव्याने सगळं करायचं. घरी तिने ‘हे शेवटचं वर्ष’ असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

आणि पावडर तर विरघळायलाच तयार नव्हती. जंतूंवर टाकायची म्हणजे ती आधी द्रावणात यायला हवी. दुसरं कुणी असतं तर अख्खी दुपार शांतपणे ढवळत बसलं असतं. घाईताईने ॲसिडचे थोडे थेंब सोडले. पावडर शहाण्या मुलासारखी विरघळली. तिने बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि जिन्याने वर पळाली. लिफ्टची वाट बघणं हा तर तिच्या दृष्टीने आयुष्याचा अपव्ययच होता.

चौथ्या मजल्यावरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं – ब्लँकशिवाय नमुना घेतला जाणार नाही. ब्लँक म्हणजे ज्या पाण्यात किंवा द्रवात आपला पदार्थ विरघळवला, तोच द्रव, फक्त पदार्थाविना. जंतू आपल्या औषधाने मेले की नुसत्या त्या द्रवानेच मेले, हे त्यावरून कळतं. हा नियम उद्याने केलेला होता, आणि या नियमापायी त्याने भल्याभल्यांना दारातून परत पाठवलेलं होतं.

त्याने तिच्या बाटल्या ओळीने लावल्या. एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तिच्याकडे पाहिलं. जिना चढून तिला धाप लागली होती, कपाळावर केस आले होते, आणि ती अशा आशेने बघत होती की जणू तो आत्ता, या क्षणी, उभ्या उभ्या रिझल्ट सांगणार आहे.

“यात…” तो म्हणाला, आणि थांबला.

“काय?”

“काही नाही. ठेवा. बघतो.”

“उद्या?” तिने विचारलं.

“उद्या,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

ती जिना उतरताना विचार करत होती की या माणसाला लाल व्हायला नेमकं काय झालं. आपण ‘उद्या’ म्हणून चिडवलं म्हणून? की नुसतंच उकडत होतं म्हणून? वर ए.सी. होता, हे तिला तळमजल्यावर आल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः खाली आला. हे बघून आजोबांनी हातातला बीकर खाली ठेवला, कारण उद्या कधी कुणाकडे रिझल्ट घेऊन खाली येत नसे. निरोप जायचा, आणि ज्याचं त्याने जाऊन बघायचं. पण तो आला, हातात पारदर्शक कागदात गुंडाळलेली प्लेट घेऊन, आणि दारातच उभा राहिला.

“खिडकीशी या,” तो म्हणाला.

ती गेली. त्याने प्लेट उजेडात धरली. पिवळसर जेलीवर जंतूंचा दुधाळ थर सगळीकडे पसरला होता. मध्ये जिथे जिथे जेलीला भोक पाडून तिचं द्रावण घातलं होतं, तिथे तिथे भोवती स्वच्छ, मोकळी, गोल वर्तुळं होती. एकही जंतू नाही. पुसून काढल्यासारखं.

“मारतं,” तो हळूच म्हणाला.

ती बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि हसली. कसं हसली ते तिला माहीत नाही, पण आजोबांनी नंतर सांगितलं की ते हसू असताना खोलीतला बल्ब बंद करून टाकला असता तरी चाललं असतं. उद्याने ते बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, प्लेट तिच्या हातात दिली, “अभिनंदन” असं काहीतरी पुटपुटला आणि दाराऐवजी कपाटाकडे वळला. मग दार सापडलं आणि गेला.

“हे काय होतं?” तिने विचारलं.

“प्रेम,” आजोबा म्हणाले.

“काहीतरीच.”

“मग पोट बिघडलं असेल. दोहोंची लक्षणं सारखीच.”

तिच्या छातीत धडधडत होतं. ते वर्तुळासाठी होतं की त्याच्यासाठी, हे तिने मनाला विचारून पाहिलं. मनाने हात वर केले.

पुढचे काही दिवस मोठे मजेचे गेले. ती बर्फ आणायला वर जायची, तर बादली आधीच भरलेली, वर फडकं घातलेलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन तो तिकडून म्हणायचा, “चोर आले वाटतं.” ती म्हणायची, “चोराला घरच्यांनीच किल्ली दिली तर चोराने काय करावं?” यावर तो उगाचच बादलीवरचं फडकं नीट करायचा, आणि ते तिला फार आवडायचं. एकदा तो हातमोजे घालून काम करत होता आणि चष्मा पडायच्या बेतात आला, तेव्हा तिने एका बोटाने तो हळूच वर सरकवून दिला. दोघंही जागच्या जागी थिजले. मग तिला एकदम आठवलं की खाली काहीतरी उकळत ठेवलंय. खाली काहीही उकळत नव्हतं.

मॅडम तर खूशच झाल्या. त्या सहसा कौतुक करत नसत, पण प्लेटचा फोटो बघून म्हणाल्या, “तपासणीत हा सगळ्यात मोठा करून दाखव.” दादाने घरी सगळ्यांना सांगितलं. वहिनीने विचारलं, “आणि वर्तुळ आणून देणारा कसा आहे?” तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि मग, काही कारण नसताना, सगळं फिसकटलं.

बादली रिकामी दिसायला लागली. तो तिला बघितलं की आतल्या खोलीत जायचा. तिने “काय हो, चोरांवर राग आहे का?” असं विचारलं, तर म्हणाला, “नाही नाही, काम आहे,” आणि ते असं, भिंतीकडे बघत. तिला काही उमगेना. आपण फार सलगी केली का? चष्म्याला हात लावायला नको होता का? की त्याचं कुठे ठरलंबिरलं आहे? ती रागावली, मग रुसली, मग त्याला रुसलेलं कळतच नाही म्हणून पुन्हा रागावली. एका दिवसात माणसाच्या मनाने किती वेळा बाजू बदलावी याला काही धरबंध असतो, तो तिने पार सोडून दिला.

अशातच वरून निरोप आला. तुमचा ब्लँक पाठवून द्या.

“बघ,” आजोबा म्हणाले. “काम झालं, रिझल्ट दिला, आणि आता ब्लँक मागतोय. कशाला? भेटायला निमित्त हवं म्हणून. पुरुषाला सरळ चहाला चल म्हणता येत नाही, तो असं काहीतरी मागतो.”

तिला हे पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. तिने तोच द्रव घेतला, त्यात पहिल्यासारखेच ॲसिडचे थेंब सोडले, कारण ब्लँक म्हणजे अगदी तसाच्या तसा द्रव हवा एवढं तिला कळत होतं. त्यात आणखी काय दडलंय हे मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही. तिचं सगळं लक्ष आरशात होतं. केस नीट केले, कोट काढून ठेवला, आणि पहिल्यांदाच लिफ्टने वर गेली, धाप लागू नये म्हणून.

त्याने बाटली घेतली. “थँक्यू,” म्हणाला.

ती उभी राहिली.

“खाली चहा चांगला मिळतो,” ती म्हणाली. “म्हणजे… असं लोक म्हणतात.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात इतकी माया होती आणि इतकी भीती होती, की तिला दोहोंचा अर्थ लागेना. “आत्ता नको,” तो म्हणाला. “प्लेटांमध्ये जेली ओतायची आहे.”

ती खाली आली ती रडवेली होऊन, आणि आजोबांना म्हणाली की यापुढे मला कुठलाही सल्ला द्यायचा नाही. कानाला खडा.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. ती सभागृहाबाहेरच्या बोळात फाइल छातीशी धरून उभी होती, मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होती, तेव्हा तो जिन्यावरून आला. धावत. धाप लागलेला, अर्धा भिजलेला, हातात प्लेट.

“आत जायच्या आधी हे बघा,” तो म्हणाला.

प्लेटमध्ये दोन वर्तुळं होती. दोन्ही स्वच्छ, मोकळी, गोल. अगदी जुळी.

“एक तुमच्या काँप्लेक्सचं,” तो म्हणाला. “दुसरं तुमच्या ब्लँकचं.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. नुसत्या द्रवानेही तेवढेच जंतू मेले होते. म्हणजे मारलं ते तिच्या काँप्लेक्सने नाही. त्या निळ्या पावडरीने नाही, तांब्याने नाही, त्याला धरून बसलेल्या दोघांनीही नाही. मारलं ते घाईघाईत सोडलेल्या ॲसिडच्या थेंबांनी.

“ॲसिड,” ती म्हणाली. “मी ॲसिड घातलं होतं. विरघळत नव्हती म्हणून.”

“वाटलंच होतं मला, असं काहीतरी.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे हे?”

“परवापासून. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा लावून बघितलं. आज सकाळी उघडलं तर तेच.”

“आणि आधी का नाही?” तिचा आवाज चढला. “त्या दिवशी, पहिल्यांदा, ब्लँक का नाही लावलात? दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं जगाला सांगतात लोक.”

“तुम्ही आणला नव्हता.”

“मग परत का नाही पाठवलंत?”

चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

“तुम्ही धावत आला होतात,” तो शेवटी म्हणाला. “आणि… असं बघत होतात. मला नाही म्हणता आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग दुसऱ्या दिवशी वर्तुळ दिसलं, तेव्हा वाटलं, आधी जाऊन दाखवावं. ब्लँकचं नंतर बघू. मी कधीच असं करत नाही. तुम्ही हसलात, आणि मग तर मला विचारायचा धीरच होईना. शेवटी रोज वाटायला लागलं की आपण काहीतरी खोटं देऊन आलोय तुम्हाला.”

म्हणजे हे होतं तर. रिकामी बादली, भिंतीकडे बघणं, चहाला नकार, सगळ्याचं मूळ हे. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या चष्म्यावरचे थेंब आपल्या ओढणीने पुसावेत असंही वाटलं. या दोन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात एकाच वेळी कशा मावतात, हे तिला समजेना.

“तपासणी झाल्यावर सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “संध्याकाळी. माझं काम तरी झालं असतं.”

“हो,” तो म्हणाला. “तेवढं मात्र जमलं नसतं मला.”

आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

फाइलमध्ये तो फोटो होता, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यात मोठा. तो दाखवला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. बाहेरून आलेले सर डोळे मिटून ऐकणाऱ्यांपैकी होते. तिने रंग सांगितले, स्फटिक सांगितले, तांब्याला दोन्ही रेणू खरोखरच धरून बसलेत याचे पुरावे सांगितले. मग त्या फोटोपाशी आली आणि थांबली. मागच्या रांगेत तो येऊन बसला होता. तिने ठरवून त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हे आपण खरेपणासाठी करतोय की त्याच्यासाठी, याचा आणखी एक घोळ झाला असता.

“हा रिझल्ट मी मागे घेते आहे,” ती म्हणाली. “हे जंतू माझ्या काँप्लेक्सने मेलेले नाहीत. मी विरघळवताना ॲसिड घातलं होतं. त्याने मेले.”

बाहेरच्या सरांनी डोळे उघडले. मॅडमनी चष्मा काढला.

“ब्लँक लावला नव्हता?” मॅडमनी विचारलं.

ती उत्तर देणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “ब्लँक मागून घ्यायची जबाबदारी माझी होती,” उद्या उभा राहून म्हणाला. “नियम माझा आहे. मी तो मोडला.”

“विसरलात?”

“नाही,” तो म्हणाला. “विसरलो नव्हतो. मागितला नाही.”

आजोबांना खोकल्याची उबळ आली. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि सावकाश चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “खाली बसा.”

निर्णय व्हायला फार वेळ लागला नाही. पावडर नीट, ॲसिडशिवाय विरघळवायची आणि चाचणी पुन्हा करायची. ती जंतू मारत असेल तर प्रबंध लिहायला घ्यायचा. मारत नसेल तर तसं स्वच्छ लिहायचं, आणि आणखी एक वर्ष थांबून दुसरा रेणू जोडून नवी काँप्लेक्सं बनवायची. “आणि या वेळी चाचणी चौथ्या मजल्यावरच्या थोरल्या बाई करतील,” मॅडम म्हणाल्या. “हे महाशय नाहीत.”

संध्याकाळी तो तिला खालच्या कँटीनमध्ये सापडला. किंवा ती त्याला सापडली. दोघंही एकमेकांना टाळायला म्हणून तिथे आले होते. चहा खरंतर अगदीच बेचव होता.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“विचारा.”

“त्या दिवशी खिडकीशी तुम्ही हसलात… ते वर्तुळाकडे बघून, की…” पुढचं त्याने कपात सोडून दिलं.

‘तुमच्याकडे बघून’ म्हटलं असतं तर गोड वाटलं असतं. पण आज खोटं बोलायचा दिवस नव्हता.

“खरं सांगू? मला माहीत नाही,” ती म्हणाली. “दोन्ही एकदमच आलं ना. तुम्ही आणि वर्तुळ. मी किती वेळा वेगळं करून बघितलं. नाही जमत.”

“मलाही तीच शंका होती,” तो म्हणाला, आणि थंड झालेला चहा शहाण्यासारखा पिऊन टाकला. “आणि मला तुम्ही आवडता. हे तेवढं नक्की आहे. तुम्ही काही बोलायला हवं असं नाही.”

तिने आपला बेचव चहाही शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पुढच्या दिवशी तिने पावडर ढवळायला घेतली. ॲसिड नाही, घाई नाही. दुपार गेली, पाऊस थांबला, पुन्हा आला. आजोबा दोनदा येऊन तिच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, हे बघून गेले. शेवटी द्रावण निळंशार, पारदर्शक झालं. तिने ब्लँक आठवणीने वेगळा भरला आणि थोरल्या बाईंच्या हातात दिला.

रिझल्टच्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराबाहेर बाकावर ती जाऊन बसली, तर तो आधीच तिथे होता. आत जायला त्याला बंदी होती.

“तुमचं इथे काय काम?” तिने विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

दोघं शेजारी शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ऑपरेशन चालू असताना नातेवाईक बसतात तसे. तिचा जीव टांगणीला लागला होता. एक वर्ष म्हणजे काय असतं, हे घरी पुन्हा सगळ्यांना कसं सांगायचं, आईचा चेहरा कसा होईल, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं. त्याने हात पुढे केला नाही, धीर देणारं एक वाक्यही बोलला नाही. फक्त बसून राहिला, आणि ते बरं वाटत होतं.

दार उघडलं. थोरल्या बाईंनी काही न बोलता प्लेट तिच्या हातात दिली.

ती खिडकीशी गेली. प्लेट उजेडात धरली. तो मागे येऊन उभा राहिला. जंतू मस्त वाढले होते, अगदी काठोकाठ. ब्लँकच्या भोकापर्यंत, आणि काँप्लेक्सच्या भोकापर्यंतही. कुठेही वर्तुळ नव्हतं. औषध म्हणून घातलेल्या निळ्या थेंबाला त्यांनी खुशाल वेढा घातला होता.

“काहीच नाही मारलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

“नाही.”

“आणखी एक वर्ष.”

“हो.”

आता रडू येईल असं तिला वाटलं. यायलाच हवं होतं. तिने थोडं थांबून वाट पाहिली. दुःख होतं, ते चांगलंच मोठं होतं. पण त्याच्या शेजारीच दुसरंही काहीतरी होतं, आणि ते हललं नव्हतं. तो मागे उभा होता, तिच्यापेक्षा जास्त कष्टी होऊन प्लेटकडे बघत होता, आणि तिच्या छातीत त्या पहिल्या दिवसासारखंच धडधडत होतं. आज वर्तुळ नव्हतं. काहीच नव्हतं. आज फक्त तोच होता.

ती वळली, आणि तिला हसू फुटलं.

तो गोंधळून बघत राहिला. “काय झालं? यात तर काहीच…” त्याने प्लेटकडे बोट दाखवलं. “हसताय कशाला?”

“तुझ्याकडे बघून हसतेय,” ती म्हणाली. “प्लेटमध्ये हसण्यासारखं काहीसुद्धा नाहीये.”